शीतला, हारीती आणि आचऱ्याची गावपळण

मराठी भाषेने एका रोगाला ‘देवी’ असे नाव दिले आहे. हा रोग जगाच्या पाठीवरून नष्ट झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी केली. भारतातील शेवटचा रुग्ण त्याच्या पाच वर्षे आधी, मे १९७५ मध्ये, आसामातील करीमगंज येथे आढळला होता. रोग गेला, शब्द मात्र राहिला. लस टोचून घेण्याला आपल्या आधीच्या पिढ्या ‘देवी काढणे’ म्हणत, आणि रोगातून वाचलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘देवीचे व्रण’ असत. क्षयाला किंवा पटकीला भाषेने असा मान दिला नाही. कुष्ठरोग्याला तर समाजाने गावाबाहेर घालविले. परंतु अंगावर फोड उठलेल्या मुलाच्या अंथरुणाशी त्याच समाजाने हात जोडले. भयाचे असे पूजेत रूपांतर कसे झाले, आणि त्या पूजेशी बौद्ध परंपरेचा काही संबंध आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार करण्याचे कारण केवळ पुरातत्त्वीय जिज्ञासा नव्हे. आपल्या समाजात या देवतांविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, मरीआई, शीतला, साती आसरा ही सर्व अज्ञानाची अपत्ये आहेत. १९५६ साली आपण ती सोडली, आता त्यांचे नावही नको. दुसरा पक्ष म्हणतो की, शीतला ही मुळात आपली हारीती होय. ब्राह्मणी धर्माने ती पळविली, तेव्हा तिच्यावर आपलाच हक्क आहे. दुसऱ्या मताला भावनिक आकर्षण मोठे आहे. म्हणूनच ते पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम शीतलेकडे वळू. महाराष्ट्रात श्रावण शुद्ध सप्तमीला शीतला सप्तमी किंवा शिळासप्तमी म्हणतात. आदल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवायचा, सप्तमीला चूल पेटवायची नाही, शिळे अन्न खायचे असा हा विधी आहे. उत्तर भारतात हेच व्रत चैत्रात येते, तर गुजरातेत श्रावण वद्य सप्तमीला. मुंबईत माहीमला, पालघर जिल्ह्यात केळवे येथे आणि रायगड जिल्ह्यात चौल येथे शीतलादेवीची देवळे प्रसिद्ध आहेत. म्हणजे कोकणच्या किनाऱ्याला ही देवता परकी नाही. तिचे पारंपरिक रूपवर्णन असे की, ती गाढवावर बसते, हातात केरसुणी व कलश असतो आणि मस्तकावर सूप असते. गाढव, केरसुणी आणि सूप! ज्या वस्तूंना व ज्या प्राण्याला ब्राह्मणी शुचितेच्या व्यवस्थेत तळाचे स्थान, त्यांनीच ही देवी नटलेली आहे. तिचा उगम वेदपाठशाळेत झाला नसावा, एवढे अनुमान यावरून करण्यास हरकत नाही.

ग्रंथांची साक्षही याच दिशेची आहे. सुश्रुतसंहितेत मसूरिका या रोगाचा उल्लेख क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ विकारांत येतो. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या माधवनिदानात मात्र मसूरिकेला स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. रोगाचे स्वरूप या मधल्या काळात उग्र झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात औषधांच्या जोडीला शीतलेचे स्तोत्र येऊन बसते. वैद्यकाच्या ग्रंथात स्तोत्र शिरते तेव्हा वैद्याने हात टेकले, असाच त्याचा अर्थ घ्यावयास हवा.

शिळासप्तमीची जी कहाणी आपल्याकडे श्रावणात सांगतात, ती तर अधिकच विचार करायला लावणारी आहे. तिच्यात देवी रोगाचे नाव नाही आणि शीतलेचेही नाही. राजा गाव वसवितो, तळे खणतो, पण तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सांगतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा सुनेला माहेरी पाठवितो आणि तिच्या पाठीमागे नातवाचा बळी देतो. तळे भरते. सून परत येते, तळ्याकाठी सप्तमीचा वसा पाळते, आणि मूल जिवंत होऊन तिच्या हाती येते. कहाणी सांगणाऱ्या बाया शेवटच्या चमत्कारावर डोळे ठेवून ती ऐकतात. आमचे लक्ष मात्र मधल्या प्रसंगावर थांबते. मूल कोणाचे? सुनेचे. निर्णय कोणाचा? राजाचा. आणि तिला विचारले का? नाही. ‘शिळा’ आणि ‘शीतला’ हे शब्द ध्वनीने जवळ असल्यामुळे पाण्याच्या जुन्या व्रतावर रोगाची देवी येऊन बसली असावी, असा आमचा तर्क आहे.

आता हारीतीकडे. तिची कथा पालि विनयात नाही. ती मूलसर्वास्तिवादी विनयात येते. राजगृहातील एक गवळीण गरोदर असता ताक विकावयास निघाली. वाटेत उत्सवाला चाललेल्या पाचशे जणांनी तिला नाचावयास लावले. नाचता नाचता तिचा गर्भपात झाला आणि ते सर्व तिला तेथेच टाकून निघून गेले. तिने ताकाच्या मोबदल्यात पाचशे आंबे घेतले, ते एका प्रत्येकबुद्धाला दान केले आणि त्या पुण्याच्या बळावर सूडाची इच्छा धरली. पुढील जन्मी ती यक्षिणी झाली, पाचशे पुत्रांची आई झाली, आणि राजगृहातील बालके खाऊ लागली. लोक तथागतांकडे गेले. तथागतांनी तिचा सर्वांत धाकटा, लाडका पुत्र प्रियंकर आपल्या भिक्षापात्राखाली लपविला. सात दिवस ती वेड्यासारखी शोधत फिरली. शेवटी तथागतांसमोर आली तेव्हा त्यांनी तिला एवढेच विचारले की, पाचशेंतील एक हरवला तर तुझी ही दशा, मग ज्यांना एकुलते एकच मूल असते त्यांचे काय होत असेल? हारीतीने शीले ग्रहण केली. माझी मुले आता काय खातील, हा तिचा प्रश्न व्यवहाराचा होता, आणि उत्तरही व्यवहाराचेच मिळाले. प्रत्येक भोजनसमयी भिक्षू तिच्यासाठी व तिच्या मुलांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवतील. तिने विहारांचे रक्षण करावे.

पूर्वजन्मीची यक्षिणी, शाप, सूड हा भाग अर्थातच आपण इतिहास म्हणून घेत नाही. परंतु कथा रचणाऱ्याचे मन त्यातून दिसते. त्याच्या मते बालमृत्यूच्या देवतेच्या क्रौर्यामागे एक अन्याय आहे, आणि तिच्या शमनासाठी बळी लागत नाही. दुसऱ्याच्या आईचे दुःख तिला कळावे लागते. कहाणीतील राजा मूल घेतो आणि पाणी मिळवितो. तथागत मूल लपवितात आणि परत देतात. या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे दोन संस्कृतींतील अंतर दिसते. त्यासाठी मोठ्या सिद्धान्ताची गरज पडत नाही.

सिंहली परंपरेतील महावंसातही हारिता भेटते. तेथे काश्मीर-गांधारात धम्मप्रसारासाठी गेलेल्या मज्झन्तिक थेरांच्या उपदेशाने पण्डक यक्ष, त्याची पत्नी हारिता आणि त्यांचे पाचशे पुत्र धम्माकडे वळतात. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, विहारांच्या दाराशी किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारीतीची प्रतिमा असते, तिच्या कडेवर एक मूल आणि गुडघ्यांभोवती तीन किंवा पाच मुले असतात, आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवतात. महाराष्ट्रात याचा दगडी पुरावा आहे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये, मुख्य गर्भगृहाच्या उजव्या अंगाला, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हारीती व पांचिक यांची बसलेली जोडी आहे. वर कोपऱ्यात तिचा क्रोध आणि तिचे शमन असे दोन प्रसंग आहेत. तळाच्या पट्टीत मुलांची शाळा कोरली आहे, आणि तेथे छडी हाती घेतलेला गुरुजीही आहे. काही मुले एडक्यांशी खेळण्यात दंग आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातही ही जोडी आढळते. अजिंठ्यास जाणाऱ्या आपल्या सहलींनी पद्मपाणीच्या लेण्याबरोबर या लेण्यातही थोडे थांबावे.

मग हारीती म्हणजेच शीतला काय? दोन्ही देवता बालकांच्या जिवाशी निगडित आहेत, दोघींच्या ठिकाणी उग्रता आणि वात्सल्य एकत्र आहे, आणि नेपाळात स्वयंभू चैत्याशेजारील हारीतीच्या देवळात बौद्ध तिला हारीती किंवा अजिमा म्हणून, तर हिंदू शीतला म्हणून आजही पुजतात. गांधारात ह्युएन त्सांगने सांगितलेला हारीतीचा स्तूप फ्रेंच पंडित फूशे यांनी शोधला, तेव्हा तेथील माती मुलांच्या गळ्यात बांधल्यास देवी येत नाहीत अशी श्रद्धा आसपासच्या लोकांत त्यांना आढळली. हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पण दुसरी बाजूही आहे. इत्सिंगच्या वर्णनात हारीती अन्न व अपत्य देणारी आहे. देवी रोगाचा त्यात शब्दही नाही. अजिंठ्याच्या शिल्पात फोड नाहीत, केरसुणी नाही, गाढव नाही. उलट बंगालमध्ये सापडलेल्या पर्णशबरी या वज्रयानी रोगनिवारक देवतेच्या मूर्तींत तिच्या दोन बाजूंना पळ काढणाऱ्या ज्या आकृती दिसतात, त्यांतील गाढवावरील स्त्री ही शीतला होय, असे बिनयतोष भट्टाचार्य यांचे मत आहे. ते खरे मानल्यास, बौद्ध शिल्पकाराने शीतलेला आपली मानले नव्हते. तिला हाकलून लावलेले दाखविले. म्हणून आमचे मत असे की, हारीती व शीतला या एकाच लोकभयाच्या दोन वेगळ्या घडणी आहेत. काही ठिकाणी, नेपाळासारख्या प्रदेशात, त्या एकत्र आल्या. महाराष्ट्रात तशा त्या एकत्र आल्याचा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे पंढरपूरच्या विठोबासंबंधी विधान केले, तेव्हा ते सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारीही स्वतःवर घेतली होती. पहिला भाग उचलून दुसरा सोडून देणे हे त्यांच्या अनुयायांस शोभत नाही.

महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाच्या वाट्याला आली ती शीतला नव्हे, तर मरीआई. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये मुंबई इलाख्यात पोहोचली आणि पुढील शतकभर वारंवार येत राहिली. मरीआईचे ठाणे महारवाड्याच्या अंगाला, गावच्या शिवेजवळ, तिच्यापुढे रेडा, आणि साथ आली म्हणजे देवीचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत लोटून देण्याचा विधी. या व्यवस्थेत महाराला जो मान होता तो सेवेचा होता. गावाचे अरिष्ट त्याने अंगावर घेऊन शिवेपलीकडे न्यायचे, आणि परत येऊन शिवेबाहेरच राहायचे. गाडा पुढच्या गावी पोहोचला की तेथील महाराने तोच गाडा आणखी पुढे ढकलायचा. रोगाचे मूळ दूषित पाण्यात असल्याने गाडा कितीही फिरला तरी पटकी थांबली नाही. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यात दाखवून दिला, तेव्हाही आपल्या माणसांना सार्वजनिक तळ्यावर जाण्याची बंदी होती. महाडचा सत्याग्रह त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी झाला.

देवीच्या लसीचा इतिहासही जातीपासून अलिप्त नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचण्यात आली. बगदाद व बसऱ्याच्या मार्गाने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, ही लस जिवंत ठेवून येथवर आणली होती; आणि पुढेही अनेक दशके ती मुलाच्या दंडावरूनच मुलाच्या दंडावर जात असे. ज्यांच्या दंडावरून लस घ्यायची ती मुले पुष्कळदा गरीब, कनिष्ठ मानलेल्या जातींची असत, आणि त्यांच्या अंगचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार म्हणून वरिष्ठ जातींचे लोक लस नाकारीत. अस्पृश्याच्या लेकराने दिलेले जीवदान विटाळाच्या भीतीने परतविणारी ही माणसे! पुढे वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत आली. मुंबई इलाख्यासाठी ही लस बेळगावला तयार होई. तेथील मैदानाला अजून ‘व्हॅक्सिन डेपो’ हेच नाव आहे.

या पार्श्वभूमीवर आचऱ्याकडे पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात, खाडीच्या मुखाशी वसलेले आचरे हे श्री रामेश्वराचे गाव. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन येथे गावपळण होते. सर्व वाड्यांतील माणसे गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या-राहुट्यांत राहतात. गाव निर्मनुष्य असतो. पुन्हा कौल झाला की सर्व परततात. शेजारच्या चिंदर व वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे. हिंदूंबरोबर मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबेही बाहेर पडतात, याचे कौतुक वर्तमानपत्रांतून दरवेळी छापून येते. उघड्या माळावर एकत्र राहण्याचा, रात्री भजने व गाणी म्हणण्याचा आनंद खरा आहे. त्याची हेटाळणी करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

परंतु गावपळणीला अलीकडे जो ‘शास्त्रीय’ मुलामा दिला जातो, तो तपासला पाहिजे. पूर्वजांना साथींचे विज्ञान ठाऊक होते, म्हणून त्यांनी गाव रिकामे करण्याची युक्ती काढली, असे सांगतात. साथ आणि स्थलांतर यांचा संबंध खराच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तेथून पसरला, तेव्हा देशावरील कित्येक गावे घरे सोडून शिवारात झोपड्यांत राहिली आणि वाचली, कारण मेलेल्या उंदरांवरील पिसवा घरातच राहिल्या. मात्र ती माणसे आठवडेच्या आठवडे बाहेर राहत. देवी रोगाचा संसर्ग झाल्यापासून ताप चढेपर्यंत सामान्यतः दहा ते चौदा दिवस जातात, आणि खपल्या गळून पडेपर्यंत रुग्णापासून इतरांस धोका असतो. तीन दिवसांत यातले काहीच संपत नाही. शिवाय आजारी माणूसही सर्वांबरोबर राहुटीत येतोच. साथ असो वा नसो, ठरावीक वर्षांनी होणारी ही पळण रोगाची स्मृती असू शकेल. तिला रोगावरील उपाय म्हणता येत नाही. देवी रोग सिंधुदुर्गातून हटला तो इतर प्रदेशांप्रमाणेच १९६२ पासूनच्या राष्ट्रीय देवी निर्मूलन मोहिमेमुळे, दारोदार फिरून दंड टोचणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांच्या पायपिटीमुळे.

प्रश्न असा की, अशा गावातील बौद्ध कुटुंबाने काय करावे? कौल देवाचा, मान गावऱ्हाटीतील मानकऱ्यांचा, आणि पाळण्याची सक्ती मात्र सर्वांना. गावाबरोबर चार दिवस माळावर जाणे हा शेजारधर्म म्हणता येईल. भीतीपोटी जाणे वेगळे, आणि न गेल्यास गावावर अरिष्ट आणल्याचा ठपका येईल म्हणून जाणे त्याहून वेगळे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ही तीन कारणे एकमेकांत मिसळू देऊ नयेत, एवढे आम्ही म्हणू.

सम्राट अशोकापुढे हाच प्रश्न होता. नवव्या शिलालेखात तो आजारपण, मुलामुलींचे विवाह, अपत्यजन्म आणि प्रवास या प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींचा उल्लेख करतो, आणि स्त्रिया असे पुष्कळ क्षुल्लक व निरर्थक विधी करतात असे स्पष्ट म्हणतो. तरीही तो त्यांवर बंदी घालीत नाही. त्यांचे फळ अल्प आहे. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांस दान हा धम्ममंगल बहुफलदायी आहे, एवढे सांगून तो थांबतो. आणि दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी चिकित्सेची सोय केल्याचे, औषधी वनस्पती आणवून लावल्याचे नोंदवितो. स्त्रियांना दोष देणे सोपे होते, आणि तेवढा दोष त्याने दिलाही. परंतु त्याबरोबर औषधही दिले. आमच्यातील जे बंधू घरातील स्त्रियांच्या देवभोळेपणावर व्याख्याने देतात, त्यांनी मुलाला ताप आला असता दवाखान्यात कोण घेऊन जाते, हेही पाहावे. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. भिक्षूंनी दुर्लक्षिलेल्या आजारी भिक्षूला आनंदासह स्वतः स्नान घालणाऱ्या तथागतांच्या मार्गावर ती बाई चालली होती, मग तिने त्रिशरण म्हटले असो वा नसो.

अशोकाच्या नवव्या लेखाचा एक तुकडा कोकणच्या किनाऱ्यावरही मिळाला आहे. सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सापडला होता. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली हाती आला. तेव्हा देवी रोग या किनाऱ्यावर होताच. आज तो नाही, पण गोवर आहे. गोवराच्या मुलालाही ‘देवी आली’ म्हणून कडुनिंबाचा पाला घालून घरातच निजविण्याची चाल अजून पुष्कळ घरांत दिसते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ येऊन बालके दगावली. गोवराची लस नववा महिना पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. विहारांतून बालसंस्कार वर्ग चालतात, तेथे मुलांच्या नावांच्या यादीशेजारी या दोन तारखांचा रकाना असावा.